वरून दिसलेली पांदण

आमच्या घरी सोयाबीन डोक्यावरून यायचं. वावर गावापासून फार लांब नव्हतं. पण तिथं जाणारी पांदण, म्हणजे शेताशेतांमधून जाणारी सरकारी कच्ची वाट, आमच्या वावराच्या बाजूला आली की एवढी आवळायची की बैलगाडीचं एक चाक कोणाच्या तरी पिकातून गेल्याशिवाय राहत नसे. त्यावरून भांडण ठरलेलं. आमचं वावर लांबट. खळं पार त्या टोकाला, उंचवट्यावर. ट्रॅक्टरमागे लावलेलं मळणीयंत्र गावभर फिरायचं, सगळ्यांच्या रचलेल्या गंज्या मळून द्यायचं, आणि आमच्या वळणावर येऊन परत फिरायचं. मग बाबा, माय आणि मी वाळलेली सोयाबीनची झाडं गाठोड्यात बांधून, डोक्यावर घेऊन सडकेपर्यंत आणायचो. काळ्या मातीवर पाऊस पडून गेला असला की पाय पोटरीपर्यंत आत जातो. पाय निघतो, चप्पल निघत नाही. शेंगांची टोकं मानेत रुततात, आणि दोन्ही हात गाठोड्याला गुंतलेले असल्यामुळे खाजवताही येत नाही.

एका वर्षी परतीचा पाऊस लांबला आणि गंजी वावरातच राहिली. ऊन पडल्यावर आम्ही ताडपत्री उचलली. आतून आंबूस, गरम वाफ तोंडावर आली. शेंगा फुटून त्यांतून हिरवे कोंब वर आले होते. किती छान हिरवे होते ते! माय त्यांच्याकडे बघत खाली बसली. बाबा उभेच होते आणि त्यांची नजर गंजीवर नव्हती. पांदणीपलीकडच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर होती. तो धुरा देवमनकाकांचा.

"यानंच खाल्ली पांदण," बाबा म्हणाले. "दरसाल वखर फिरवतानी थोडा थोडा आत सरकते लेकाचा."

मी तेव्हा शाळेत होते. त्या दिवसापासून देवमनकाका रस्त्यात भेटले तरी मी त्यांच्याकडे बघत नसे.

संशय आमच्या घरात मिठासारखा होता. रोजच्या जेवणात थोडा असायचाच. बियाण्याची पिशवी आणली की बाबा आधी तिची शिवण तपासायचे, उसवून परत शिवली तर नाही ना म्हणून. कोणी फुकटात चहा पाजला तर घरी येऊन विचार करत बसायचे, "यानं काहून पाजला असंन?" पुण्याकडची माणसं आम्हा वऱ्हाडातल्या लोकांना फटकळ म्हणतात. फटकळपणा तर वरचा आहे. आत माणूस सारखा चाचपून बघत असतो. मला त्याची लाज वाटत नाही. ज्या जमिनीवर आम्ही राहतो तीच जागेवर राहत नाही. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसाळ्यात ती फुगून येते. धुऱ्यावर पुरलेला गोटा चार पावसांत कलतो, आणि काही वर्षांनी तो कुठं होता यावर दोन घरं बोलायची बंद होतात.

दसरा जवळ आला, हे अजूनही माझं नाक आधी ओळखतं. मी आता अकोल्यात एका तंत्रनिकेतनात शिकवते. शहराच्या कडेला आमची इमारत आहे, आणि खिडकीबाहेर दोन वावरं सोडून मळणीयंत्र सुरू झालं की त्याचा भुसा खिडकीच्या जाळीवर येऊन बसतो. मुलं प्रयोगशाळेत शिंकायला लागतात. मी त्यांना खिडकी बंद करू देत नाही. परवा वर्गात असताना फवारणीचं ड्रोन भणभणत गेलं, तर सगळी मुलं उठून बघायला गेली. त्यांच्या चेहऱ्यावर नवल होतं. मी मात्र खाली, वावरात उभ्या असलेल्या म्हाताऱ्याकडे बघत होते. त्यानं कपाळावर हात धरला होता आणि तो त्या यंत्राकडे ज्या नजरेनं बघत होता, ती नजर मला पाठ आहे.

कॉलेजात असताना आम्हीही एक विमान बनवलं होतं, पण ते असं ड्रोन नव्हतं. त्याला पंख होते, शेपूट होती, नाकावर एकच पंखा होता. अमरावतीला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी मी आणि माझी खोलीतली मैत्रीण नसरीन, दोघींनी ते वसतिगृहात बनवलं. नसरीन पातूरची. तिचे अब्बा गाद्या आणि ताडपत्र्या शिवतात. त्यामुळे फोम कसा कापायचा, पातं कोणत्या कोनात धरलं की कड फाटत नाही, हे तिच्या हातातच होतं. मी तारा, मोटार आणि रिमोट बघायचे. फोमचे ताव पलंगाखाली, मोटार साबणाच्या डबीत, आणि बॅटरी चार्ज करताना वाळू भरलेल्या कुंडीत ठेवलेली, कारण ती फुगली तर पेटते असं आम्ही वाचलं होतं. गरम गोंदाचा वास गॅलरीभर जायचा. एके संध्याकाळी रेक्टरबाई दार ढकलून आत आल्या.

"इथं काय जळतंय?"

"मॅडम, विमान चिकटवून राहिलो," नसरीन म्हणाली.

"तोंड सांभाळून बोल हं!"

खरं सांगितलं की कोणाला पटत नाही, हे तिला त्या दिवशी फार लागलं. बाईंनी कुंडीत बोट घालून पाहिलं. वाळूच आहे म्हटल्यावर त्यांचा संशय आणखी वाढला.

कॉलेजातले मार्गदर्शक सर त्यांच्याही पुढचे. तयार विमान टेबलावर ठेवलं, तर त्यांनी त्याच्याभोवती एक चक्कर मारली, वांगं निवडावं तसा पंख दाबून पाहिला आणि म्हणाले, "कोणत्या मुलांनी करून दिलं?"

"सर, मुलं आमाले सोल्डरिंग विचारायला येतात," नसरीन म्हणाली.

सरांना ते पटलं नाही. म्हणाले, सुटं करा आणि माझ्यासमोर जोडा. आम्ही केलं. पंख उतरवले, पंखांतली कार्बनची काडी ओढून काढली, शेपटीच्या झडपा हलवणाऱ्या इवल्या मोटारी सोडवल्या, नाकातली बॅटरी, तिच्यापुढचा बोराएवढा कॅमेरा, सगळं मांडून ठेवलं आणि परत जोडलं. शेवटी मी पंखांखाली दोन बोटं लावून विमान उचललं. ते नाकावर कललं नाही, शेपटीवर बसलं नाही, बोटांवर आडवं राहिलं. सर म्हणाले, "ठीक आहे." अभिमान कशाला म्हणतात ते मला तेव्हा कळलं. पदवीच्या दिवशी काळा झगा घातल्यावरसुद्धा तेवढा वाटला नाही.

पहिल्यांदा उडवलं तेव्हा ते पडलं. कॉलेजमागच्या मैदानावर नसरीननं हातानं फेकलं, ते वर गेलं, मी उजवीकडे वळवलं तर ते डावीकडे वळलं. मी आणखी उजवीकडे ढकललं, ते आणखी डावीकडे कललं आणि नाक खाली घालून गवतात घुसलं. पंखांच्या झडपांच्या तारा उलट जोडल्या गेल्या होत्या. तेव्हापासून प्रत्येक उड्डाणाआधी नसरीन विमानामागे उभी राहून ओरडायची, "उजवं!" मी रिमोटची कांडी उजवीकडे ढकलायचे आणि उजव्या पंखाची झडप वर उठते की नाही ते ती डोळ्यांनी बघायची. काल बरोबर होतं म्हणून आज बरोबर असेलच, असं आम्ही पुन्हा कधी धरलं नाही. बाबांनी बियाण्याची शिवण तपासावी तसंच हे. घरातला संशय कॉलेजात माझ्या कामी आला.

प्रोजेक्टचा विषय होता स्वस्त कॅमेऱ्यानं कमी उंचीवरून शेताचं चित्रण. कोणाचं शेत, हे कॉलेजनं सांगितलं नव्हतं. मी सांगितलं, माझं. दसऱ्याच्या सुट्टीत आम्ही दोघी विमान खोक्यात घालून एस.टी.नं गावी निघालो. कंडक्टरनं खोकं पाहून विचारलं, "काय हाये?" यावेळी नसरीन म्हणाली, "कपडे."

माझ्या मनात काय होतं ते तिला ठाऊक होतं. सोयाबीनची सोंगणी, म्हणजे कापणी, झालेली होती, गंजी रचलेली होती, आणि आभाळ पुन्हा भरून यायला लागलं होतं. पाऊस पडायच्या आत यंत्र खळ्यापर्यंत गेलं नाही तर पुन्हा तेच हिरवे कोंब बघायचे होते. मला वरून चित्र घ्यायचं होतं आणि देवमनकाकांनी पांदण कुठं कुठं खाल्ली ते सगळ्या गावाला दाखवायचं होतं. बाबांनी खोकं उघडताना पाहिलं आणि बऱ्याच वर्षांनी मी त्यांना खुशीत हात चोळताना पाहिलं.

"आता दाखोतोच त्याले," ते म्हणाले.

पोलीस पाटलांना सांगून ठेवलं होतं, पण गावाला कोण सांगणार? आम्ही वावरात पोचेपर्यंत पाच-सहा जण आमच्या मागं आले होते.

"वैशे, सर्वे हाये का हा? नवीन सडक जाऊन राहिली का इकून?"

"नाही काका, कॉलेजचं काम हाये."

"कॉलेजले आमच्या वावराचं काय काम?"

आमच्या शेजारच्या कौसाकाकूंचा प्रश्न वेगळा होता. त्यांनी मला हाताला धरून बाजूला नेलं. "यातनी सगळं दिसते म्हणतात. आमच्या न्हानीले वरतं छत नाही, तुले ठाव हाये ना वं?" मला ठाऊक होतं. आमच्याही न्हाणीला नव्हतं. मी त्यांना सांगितलं, गावावर नेणार नाही, आणि जे काही निघेल ते सगळ्यांत आधी तुम्हाला दाखवीन. त्या म्हणाल्या, "दाखवजो. अन् गावावर आणलं तं गोट्यानं पाडीन." मला ते फार योग्य वाटलं.

नसरीन मागं उभी राहिली. "उजवं!" झडप उठली. "डावं!" उठली. तिनं दोन पावलं पळत जाऊन ते फेकलं. गांधीलमाशीसारखा आवाज करत ते तुरीच्या पिवळ्या फुलांवरून वर चढलं. दुपारी काळी माती तापलेली असली की तिच्यावरची हवा वर उसळते. विमान मधूनच कोणी खालून हात दिल्यासारखं उचललं जायचं आणि मी कांडी पुढं ढकलून त्याचं नाक खाली आणायचे. बगळे आधी उडाले, मग कंटाळून परत बसले. बाबांनी डोळ्यांवर खांद्यावरचा दुपट्टा धरला होता. उतरायला सपाट जागा नव्हती. कापलेल्या सोयाबीनच्या धसकटांवर ते घसरत उतरलं आणि पोटाला तीन-चार भोकं पडली. नसरीननं लगेच त्यावर टेप मारला, जखमेवर मारावा तसा.

मी कबूल केल्याप्रमाणे कौसाकाकूंनी सगळ्यांत आधी पाहिलं. मग ओसरीवर लॅपटॉप ठेवून आम्ही बसलो. एवढ्यात देवमनकाका स्वतःच आले. न बोलावता. उंबऱ्याबाहेर उकिडवे बसून म्हणाले, "मायं वावर दाखवून राहिले म्हणे. तं मलेच पाहू द्या."

पडद्यावर आमचं वावर आलं, पांदण आली. बाबा उसळले. "पाह्य! पाह्य कसा पोट काढून बसला तुया धुरा!"

देवमनकाकांनी निवांत पाहिलं. "अन् तुया? तुया बी वाकडाच हाये. अन् हे इजेचे खांब पाह्य. एका रांगेत हायेत का नाहीत ते? ते बी वाकडे दिसून राहिले. हे तं भिंगच वाकडं हाये."

मी तोंड उघडलं होतं. नसरीन माझ्याआधी म्हणाली, "काका बराबर बोलून राहिले. कडेला लेन्स वाकवते."

बाबा मला हळूच म्हणाले, "हे पोरगी कोनाकून हाये?"

पण काकांचं म्हणणं खरं होतं. रुंद नजरेचा कॅमेरा कडेच्या सरळ रेषाही कमानीसारख्या वाकवतो. पुस्तकात वाचलेलं होतं आणि तरीही मी त्या कमानीवर विश्वास ठेवायला निघाले होते, कारण मला ती हवी होती. आता लॅपटॉपसमोर बसलं की हे आठवतं. आपल्याला हवं ते दिसलं की त्यावर सर्वांत जास्त संशय घ्यावा, हे मी विद्यार्थ्यांना सांगते. ते लिहून घेतात. कळतं की नाही, कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी, हवा थंड आणि स्थिर असताना, पुन्हा उडवलं. यावेळी पांदण बरोबर मध्ये धरून, कमी उंचीवरून, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. एका टोकाला बाबा उभे, दुसऱ्या टोकाला देवमनकाका. दोघांनाही विमान बघायचं नव्हतं, एकमेकांना बघायचं होतं. ढग खाली आले होते आणि हवेला ओल्या मातीचा वास होता. तो वास बाकी सगळ्यांना आवडतो. गंजी बाहेर असलेल्या माणसाला तो आवडत नाही.

पुन्हा ओसरी. पुन्हा तेच चेहरे. यावेळी विजेचे खांब सरळ रांगेत होते. देवमनकाकांनी ते आधी तपासले, मान हलवली. गावाकडून पांदण रुंद येत होती. दोन्ही कडांना झाडं, बाभळी आणि कडुलिंब, जुनी, कोणी न लावलेली, वाटेच्या कडेला आपोआप वाढतात तशी. मग आमचं वावर सुरू झालं आणि वाट चिंचोळी झाली. झाडं मात्र होती त्याच दोन रांगांत पुढं गेली होती. काकांच्या बाजूचा कडुलिंब त्यांच्या पऱ्हाटीत, कपाशीत, चांगला आत उभा होता. आणि आमच्या बाजूची बाभूळ आमच्या तुरीत होती. तिच्याही पुढं, वाटेच्या बाजूला, आमच्या तुरीच्या ओळी होत्या.

माय चहा घेऊन आली होती. ती पडद्याकडे वाकली.

"हे आपलीच बाभूय ना? वैशूले झोयीत टाकत होती मी हिच्याखाली. तवा तं हे पांदणीच्या काठावर होती. गाड्या इच्या बाजूनं जात होत्या. धूळ यायची म्हून मी झोयीवर लुगडं टाकत होती."

बाबांनी कप घेतला आणि तो हातातच राहिला. ते म्हणाले, "हा सरकला म्हून म्या सरकलो."

"म्या तं तू सरकला म्हून सरकलो," देवमनकाका म्हणाले.

खोटं दोघंही बोलत नव्हते. मला खात्री आहे. दरवर्षी वखरणी करताना एकानं दुसऱ्याच्या बाजूला पाहिलं, यानं वाट आपल्याकडे ढकलली असं त्याला वाटलं, आणि त्यानं बैल जरासे वाटेच्या अंगानं घातले. पुढच्या वर्षी दुसऱ्यानं. दोघं आपापली जमीन राखत होते आणि मध्ये जी कोणाचीच नव्हती ती संपत होती. मी ज्या माणसाकडे शाळेपासून बघत नव्हते, त्याच्याकडे त्या दिवशी पाहिलं. तो बाबांसारखाच दिसत होता. तसाच दुपट्टा, तसेच तडकलेले पाय.

पण कळणं वेगळं आणि करणं वेगळं. आधी कोण मागं सरणार? मी सरलो आणि तो नाही सरला तर? काका उठून गेले. बाबा संध्याकाळभर एकच वाक्य म्हणत होते, "त्याचा काही भरोसा नाही." तिकडे तेही हेच म्हणत असणार. आभाळात गडगडलं.

सकाळी मी वावरात गेले तर बाबा आधीच विळा घेऊन तुरीत उतरले होते. फुलांनी भरलेली, खालच्या फांद्यांवर शेंगा धरलेली तूर ते बुडातून कापत होते. उभं पीक कापताना वेगळा आवाज येतो, ओला. माय म्हणाली, "शेंगा तं भरू द्या."

"गंजी भिजू देऊ का?" ते वर न बघता म्हणाले.

देवमनकाका त्यांच्या धुऱ्यावर येऊन उभे राहिले. यात डाव काय आहे ते शोधत होते, हे मला दिसत होतं. शेवटी त्यांनी विचारलं, "कुठपावतर?"

"बाभयीपावतर."

"अन् मी नाही सरलो तं?"

"तं नको सरू. मले यंत्र आनाचं हाये."

काका परत गेले. बाबांचा विळा थांबला नाही. मग पऱ्हाटीच्या बाजूनं झाडं उपटल्याचा आवाज आला. काका आणि त्यांची बायको, दोघं बोंडांसकट पऱ्हाटी उपटत होते, कडुलिंबाच्या दिशेनं. बाबांनी तिकडे पाहिलं आणि लगेच नजर वळवली, पाहिलं हे काकांना कळू नये म्हणून. मी आणि नसरीननं कापलेली तूर ओल्या भागावर आडवी पसरली, चाकं रुतू नयेत म्हणून. नसरीनच्या हातांना फोड आले. ती म्हणाली, "वैशू, इससे तो विमान आसान था." दुपारनंतर यंत्र आलं. ट्रॅक्टरवाला आमच्या वळणावर सवयीनं थांबला आणि खाली उतरून त्यानं वाट पायांनी दाबून पाहिली. मग चढला आणि पुढं आला. खळ्यावर यंत्र सुरू झालं, भुसा उडाला, आणि माय पहिल्यांदाच आपल्या खळ्यावर पोत्याच्या तोंडाशी हात धरून दाणे बोटांतून सोडत उभी राहिली.

त्यांची दोस्ती झाली असं कोणी समजू नये. आजही वखरणीच्या दिवसांत एकजण वावरात असला की दुसरा काहीतरी काम काढून धुऱ्यावर येतोच. कधी बाबा मला फोन करतात, "वैशे, सुट्टीत येशीन तं ते इमान घेऊन ये, एकडाव पाहून घेऊ." थोड्या वेळानं तसाच फोन देवमनकाकांचाही येतो. मी दोघांनाही हो म्हणते.

त्या हंगामात आमचं सोयाबीन पावसाच्या आत मळून झालं आणि कोरडं घरी आलं. पांदण गावापासून पार आमच्या वावरापलीकडच्या नाल्यापर्यंत मोकळी आहे आणि तिच्यावरून ट्रॅक्टर जातो. मी आणि नसरीन पहिल्या वर्गात पास झालो. आमच्या घराण्यात पदवी घेणारी मी पहिली आहे.